निंबाची सावली

वाळलेला निंब पाडायला चमेलीबाईच्या घराकडचीच बाजू मोकळी होती. शेंडा घरावर पडेल की अंगणातच, यावरून माणसं भांडत होती. दहावीतली रोहिणी काठी रोवून सावल्यांवरून झाडाची उंची काढू लागली, तसे सगळे हसले. “गनितना काय उपयोग शे?” असं रोज विचारणारे तिचे आबा मात्र उत्तर ‘अंगणातच’ निघताच कुऱ्हाड घेऊन उठले. घाव बसू लागले, पण रोहिणीचा पाय ठरेना. काठीची सावली तिने चहाआधी मोजली होती, झाडाची चहानंतर. तोवर ऊन चढून सावल्या आखडल्या होत्या. म्हणजे झाड उत्तराहून उंच होतं! चमेलीबाईच्या घरातला पाळणा कुरकुरला. “आबा, थांबा! मनं गनित चुकनं!” ती ओरडली. माणसं पुन्हा हसली. आबांनी कुऱ्हाड टेकवली, काठी उपटून तिच्या हातात दिली. “चुकनं हाई तुलेच समजनं ना? मंग तूच मोज परत.”