भुजंगाचा पटका

पोखर्णीच्या शिवारात एकोणऐंशी सालच्या रब्बीची ओल उडून चालली होती आणि बायनाबाईचे बैल तिफण ओढायला तयार नव्हते. तिचा एकुलता लेक भुजंग वारून पंधरा दिवस झाले होते. भावकी म्हणाली, आमची पेरणी उरकली की येतो. पण तोवर रानात ओल कुठली राहायला? म्हणून आज सून मनकर्णानं तिफणीचं रुमणं धरलं आणि बी सोडायला चाड्यावर मूठ धरून बायनाबाई शेजारी उभी राहिली. बैल मात्र मान वळवून मालकाचीच वाट बघत होते. मनकर्णा ओरडली, चाबूक उगारला, शेवटी ढेकळातच बसली. "आत्याबाई, ही जनावरं मला वळखीनात. पेरलं न्हाई तर लेकरायनं काय खावं?" बायनाबाईनं ओच्यात हात घातला. तेराव्याला लेकाचे सगळे कपडे तिनं वाटून टाकले होते, पण त्याचा घामेजलेला पटका तेवढा दडवला होता. तो तोंडावर घेतल्याशिवाय तिचा डोळा लागत नव्हता. "हा डोईला बांध," ती म्हणाली. "बाईमाणसानं पटका बांधावा का?" "भुजंगाचा हाय. बैलायला वास लागू दे." मनकर्णानं पटका गुंडाळला आणि बैलांच्या तोंडाशी डोकं नेलं. दोघांनी तो हुंगला. तिनं मागं येऊन रुमणं धरलं आणि तिफण हलली. दुपारपर्यंत त्या पटक्याला सुनेच्या घामाचा वास येणार, हे बायनाबाईला ठाऊक होतं. पटक्यावरची नजर काढून तिनं चाड्यावरची मूठ सैल केली.