कायमचं रद्द

"सहा महिने नको, म्याडम. कायमचं रद्द करा."

वर्षाराणीने फाइलीतून मान वर केली. सुनावणीला आलेली ड्रायव्हरची बायको एरवी हात जोडते, पदर पसरते, लेकरं पुढे करते. ही विजयमाला मात्र टेबलावर दोन्ही तळहात टेकवून उभी होती. तिचा नवरा अभिमन्यू मागच्या खुर्चीत खाली मान घालून बसला होता.

परिवहन अधिकारी म्हणून वर्षाराणीने बेवडे ड्रायव्हर लई पाहिले होते. पण या फाइलीने तिचं डोकं आठ दिवसांपासून भणभणत होतं.

पहिल्यांदा पालीजवळ गाडी पानटपरीत घुसवली. दुसऱ्यांदा नांदूरघाटच्या बाजारात दोन शेळ्या चिरडल्या. तेव्हा वर्षाराणीनेच त्याचं लायसन सहा महिन्यांसाठी निलंबित केलं होतं. मुदत संपून तीन आठवडे होत नाहीत, तोच धारूरच्या घाटात भरदुपारी तिसरा अपघात. भावाच्या मोटारसायकलवर मागे बसलेल्या केसरबाईचा पाय गुडघ्यापासून गेला. शाळेत खिचडी शिजवणारी बाई. तिन्ही वेळा अभिमन्यूच्या रक्तात दारू सापडली आणि तिन्ही वेळा त्याने गुन्हा कबूल केला.

गेल्या आठवड्यात वर्षाराणी दवाखान्यात जाऊन आली होती. केसरबाईने एकच विचारलं होतं, "त्याला पुन्हा गाडी कुणी दिली?"

मागच्या आदेशावर सहा महिन्यांचा आकडा वर्षाराणीनेच घातला होता.

"काही सांगायचंय?" तिने अभिमन्यूला विचारलं.

"न्हाई."

"भरदुपारी, घाटात! समोरची बाई दिसली नाही तुम्हाला?"

अभिमन्यूने ओठ दाबले. "न्हाई दिसली मला."

त्याचे डोळे भरून आले. वर्षाराणीचं टाळकं आणखीच सरकलं. पाय गेला तिचा आणि रडतोय हा!

"रडू नका माझ्यासमोर! शुद्धीत असता तर दिसली असती."

दार लोटून कल्याणराव आत आले. अभिमन्यू त्यांचा ड्रायव्हर, गाडीही त्यांचीच. शंभर एकरांचे बागायतदार, तालुक्याचे पुढारी. सकाळपासून त्यांच्यासाठी दोन फोन येऊन गेले होते. दोन्ही वेळा वर्षाराणीने बोलणं अर्ध्यात तोडलं होतं.

"म्याडम, घरचा माणूस हाय हा," खुर्ची ओढत ते म्हणाले. "चुकला. पण बारा वर्षं आमचं मीठ खाल्लंय त्यानं. पुन्हा एक डाव सहा महिने करा. गोरगरिबाच्या पोटावर पाय देऊ नका."

"आणि केसरबाईच्या पायाचं काय?"

"दवाखान्याचा खर्च आमीच करतोय की. माणुसकी सोडली न्हाई आमी."

"तीनदा पिऊन गाडी घातलेल्या माणसाच्या हातात तुम्ही परत किल्ली देणार?"

"देणार. आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडायचं नसतं."

तेवढ्यात त्यांचा मुलगा रविराज दारात डोकावला. सव्वीस-सत्तावीसचा, डोळ्यांवर काळा चष्मा. "दादा, किती वेळ? मला पुढं जायचंय."

"बस गाडीत जाऊन," कल्याणराव खेकसले.

विजयमालाने एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. तिची नजर वर्षाराणीच्या पेनवर होती.

"म्याडम, ल्ह्या," ती म्हणाली.

वर्षाराणीने लिहिलं. पेनचं टोक कागदात रुतत होतं. वाहन चालवण्याचा परवाना रद्द. खाली सही, सहीवर शिक्का. मग ती कल्याणरावांकडे वळली.

"नीट ऐका. यापुढे हा माणूस तुमच्या गाडीवर दिसला, तर विनापरवाना माणसाला गाडी दिली म्हणून गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. विम्याचा पैसाही मिळणार नाही."

"पुन्हा एकदा सांगा," विजयमाला म्हणाली. "कल्याणआण्णांना नीट कळू द्या."

वर्षाराणीने शब्दन् शब्द पुन्हा सांगितला.

कल्याणराव उठले. आता त्यांच्या आवाजातली माया पार आटली होती. "विजयमाला, कावून केलंस हे? उद्या चूल कशावर पेटवशील?"

"दुसऱ्याच्या रानात खुरपीन. तुमच्या न्हाई."

"आणि तू बे?" ते अभिमन्यूवर वळले. "बायकोच्या पदराआड बसलास?"

अभिमन्यूने पहिल्यांदाच मान वर केली. कल्याणराव दार आपटून गेले. बाहेर गाडीचा जोरात आवाज झाला आणि ती फाटकातून निघून गेली.

विजयमालाने आदेशाची प्रत दोन्ही हातांनी घेतली. इतका वेळ दाबून धरलेला संताप तिच्या अंगातून आता उतरत होता. स्वतःच्या घासावर स्वतःच पाणी सोडणारी बाई वर्षाराणीने आजवर पाहिली नव्हती. तिला या बाईचं मनापासून कौतुक वाटलं.

"बाई, लई धीराचं काम केलंत," ती म्हणाली. "नवऱ्याला पाठीशी घातलं नाहीत. आता एवढं एक करा, यांची दारू सोडवा. बीडमध्ये माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, मी चिठ्ठी देते."

विजयमालाने कागदाची घडी घालून ती पदरात बांधली आणि नवऱ्याला हाताला धरून उठवलं.

"दारू कशाची सोडवता, म्याडम? तिन्ही डाव गाडी रविराज चालवत व्हता. ह्यांना घरून बोलावून नेलं, अन् रगत काढायच्या आधी नाक दाबून पाजली."