बाकापर्यंतची रेंज

राउटर चालू होता, दिवे लुकलुकत होते आणि फोनवर काही म्हणता काही उघडत नव्हतं. तिनं वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा खोचली. बाल्कनीत बसून बसून तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. नवरा फिरून यायची वेळ झाली होती. तो यायच्या आत हे जमलं नाही, तर पुन्हा जमणार नव्हतं.

मुलगा भांडून घरातून गेल्यापासून त्याचा फोन लागत नव्हता. तिचे मेसेज एका खुणेवरच अडकले होते, पोचल्याची दुसरी खूण उमटत नव्हती. रिचार्जला पैसे नसतील त्याच्याकडे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. आणि काल दुपारी वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या.

"तुमचा मुलगा संध्याकाळी समोरच्या बसस्टॉपवर बसलेला असतो. घरी येत नाही का हो?" त्या म्हणाल्या. "आमच्या खिडकीतून पाठमोराच दिसतो, पण बसतो तस्साच, एक खांदा पाडून."

खाली धावत जाऊन त्याला मिठी मारावी असं तिला वाटलं, पण पोटच्या पोराला ती ओळखून होती. रुसला की जवळ जाणाऱ्यापासून लांब पळायचा. ती समोर दिसली असती तर तो उठून गेला असता आणि तो बाकही सुटला असता. एक तरी निरोप आधी पोचायला हवा होता.

तिच्या बाल्कनीतून तो बाक झाडाआड जायचा, आणि घरातलं वायफाय तिथवर जात नव्हतं. गेलं असतं तरी उपयोग शून्य, कारण मुलगा गेला त्याच दिवशी नवऱ्यानं पासवर्ड बदलला होता. "माझ्या घरातलं काही वापरायचं नाही त्यानं," असं म्हणाला होता. म्हणून तिनं माळ्यावरचा जुना राउटर काढला. त्याला जुनं नाव दिलं, जुना पासवर्ड दिला. मुलाचा फोन तो आपोआप पकडेल, मग सगळे मेसेज धो धो पोचतील, एवढंच तिचं गणित.

मोबाइलच्या दुकानदारानं समजावलं होतं, "काकू, घरात कर्ता एकच असावा. नव्या राउटरला कारभार करू द्या, जुन्याचा बंद करा. जुन्यानं फक्त हो ला हो म्हणायचं." तेवढं तिनं केलं होतं. आतल्या राउटरपासून बाल्कनीपर्यंत वायरही ओढली होती. तरी मेलं ते चालत नव्हतं. तिला रडू फुटलं.

दाराचं कुलूप उघडलं. नवरा येऊन मागे उभा राहिला. आधी त्यानं वायर पाहिली, मग तिच्या फोनवरचं जुनं नाव वाचलं. हयात टेलिफोनच्या खांबांवर गेलेला माणूस, त्याला काही सांगावं लागलं नाही.

"ओरडायचं तर ओरडा," ती म्हणाली. "पण मी हे बंद करणार नाही."

तो ओरडला नाही. गुडघे धरत खाली बसला. निळ्या भोकातली वायर काढून त्यानं शेजारच्या पिवळ्या भोकात खोचली. फोनवर सगळं भराभर उघडलं.

"बाहेर तोंड करून का ठेवलास?" त्यानं विचारलं.

"तो रोज बसस्टॉपवर बसतो हो," ती डोळे पुसत म्हणाली. "वरच्या बाईंनी पाहिलंय. एक खांदा पाडून बसतो म्हणाल्या. दुसरं कोण असणार?"

नवऱ्यानं राउटरच्या दिव्यांकडे पाहिलं.

"तो नाही गं," तो म्हणाला. "तिथं मी बसतो. सातच्या बसमधून सगळे उतरेपर्यंत."