तक्त्याबरहुकूम

कुठली गाय कोणत्या दिवशी किती दूध देईल, याचं गणित मांडता मांडता तिची पीएचडीची चार वर्षं गेली होती, आणि गाई काही त्या गणिताला भीक घालत नव्हत्या. "या महिन्यात आकडे जुळले नाहीत तर गाशा गुंडाळा," असं मार्गदर्शक सरांनी तोंडावर सांगितलं. ती तडक गोठ्यात गेली, महिनाभराच्या अंदाजांचा तक्ता भिंतीवर चिकटवला आणि तिथेच चाऱ्याच्या पोत्यावर बसून ढसाढसा रडली. धारा काढणारे काका हातात बादली धरून ते बघत होते.

महिनाअखेरीस काकांनी मोजून दिलेलं चाळीसच्या चाळीस गाईंचं दूध तक्त्याशी अगदी थेंब न् थेंब जुळलं. सर चक्क हसले. ती धापा टाकतच गोठ्यात पोचली.

"काका, जुळलं हो! एकूण एक गाय जुळली!"

"जुळणारच की, ताई," काका बादली विसळत म्हणाले. "तुमचं ते रडणं बघवलं नाही हो मला."

"म्हणजे?" तिने विचारलं.

"जास्त निघालं तर वासरांना पाजायचो, आणि कमी पडलं तर नळ होताच की."