काळ्याची चाल

काळं प्यादं आजही हललेलं नव्हतं. त्याने चहाचा कप बाजूला ठेवला आणि लॅपटॉपवर बुद्धिबळाचं पान पुन्हा उघडलं. ढिम्म! पांढरं प्यादं दोन घरं पुढे, समोर काळी फौज जशीच्या तशी.

काळी बाजू बाबांची. घरचा छापखाना सोडून तो वेबसाइट बनवायला लागला, तेव्हा बाबा म्हणाले होते, "पुन्हा या घरात तोंड दाखवू नकोस." यानेही नाही दाखवलं. राग दोघांच्याही नाकावर. मुलाला तो काय बाहेरून थोडाच मिळाला होता!

शेवटी यानेच माघार घेतली, पण आपल्या पद्धतीने. एका बैठकीत बुद्धिबळाच्या पटाचं एक पान बनवलं. मोहरा बोटाने सरकवायचा, पान त्याची जागा लक्षात ठेवणार. नेहमीचाच कोड, हातचा मळ. आपल्या लॅपटॉपवर शेजारी शेजारी दोन खिडक्या उघडून त्याने तपासलं. एकीत घोडा हलवला, दुसरीतही हलला. झालं! पांढऱ्याची पहिली चाल पानातच मांडून त्याने लिंक आत्याला पाठवली. ती बाबांसोबत राहायची.

बाबांनी एक प्यादं सरकवलं असतं, तर तो त्याच संध्याकाळी घरी गेला असता. पण वर्ष उलटलं. खोलीत एक खुर्ची, एक कप. रविवारी तर बोलायलाही कुणी नसायचं, आणि ते त्याला फार लागायचं.

फोन वाजला. लॉन्ड्रीवाली बाई होती. त्याने त्याच नेहमीच्या कोडने बनवून दिलेल्या तिच्या पानावर गिऱ्हाइकाने धुवायच्या कपड्यांच्या यादीत खुणा करायच्या असत.

"अहो, घरी फोनवर खुणा केल्या, दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक दिसेल तर शपथ! फसवलंत की काय मला?"

तो हसला. "ताई, तुमच्या खुणा तुमच्याच फोनमध्ये राहतात. पान हलकंफुलकं हवं, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"मग दुसऱ्याला कळणार कसं?"

"नाहीच कळणार. येतो दोन दिवसांत, बघू काय करता येतं."

फोन ठेवतो न ठेवतो तोच आत्याचा आला.

"उद्या तुझ्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. ये रे."

"बाबा बोलावतायत?"

"तो कशाला बोलावतोय! मी बोलावतेय."

"ते पान तरी उघडतात का?"

"रोज. चष्मा लावून तासभर बघत बसतो. मला मेलीला त्यातलं काही कळत नाही."

तासभर बघत बसतात, आणि तरी?

"साधं एक प्यादं हलवता येत नाही त्यांना? एवढा राग?"

आत्या म्हणाली, "तू ये."

तो निघाला. भेटून यायचं आणि परतल्यावर ते पान कायमचं काढून टाकायचं, असं ठरवूनच निघाला. पुरे झालं वाट बघणं.

दार आत्याने उघडलं. बाबा टेबलाशी बसले होते, समोर आत्याचा जुना टॅबलेट. किती वाळले होते!

"बाबा."

त्यांनी मान वर केली नाही. टॅबलेट फक्त त्याच्याकडे सरकवला.

पांढरं प्यादं दोन घरं पुढे होतं. त्याच्या नाकासमोर काळं प्यादं उभं होतं.

"लिंक आली त्याच दिवशी खेळलो मी," बाबा म्हणाले. "रोज उघडून बघतोय. साधं एक प्यादं हलवता येईना तुला? एवढा राग?"