मेहुण्यांचा लॅपटॉप

तीस वर्षांपूर्वीचा तो लॅपटॉप दुरुस्तीवाल्या बाईंच्या काउंटरवर ठेवत मामा म्हणाले, "माझ्या मेहुण्यांचा आहे. तळ्यात बुडून गेले बिचारे. आता भाचीने हट्ट धरलाय, बाबांचा लॅपटॉप सुरू करून आण म्हणून. तुम्ही आपलं 'होत नाही' म्हणालात तरी चालेल."

पण 'होत नाही' म्हणणं बाईंच्या स्वभावातच नव्हतं. लॅपटॉप उघडला तर आत सडक्या मासळीसारखा वास. कपॅसिटर गळले होते आणि त्यातल्या द्रवाने बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या. बाईंनी दोन दिवस चष्मा लावून, खाली मान घालून बोर्ड साफ केला, नवे कपॅसिटर बसवले, तुटलेल्या रेषा केसाएवढ्या तारेने जोडल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी स्क्रीन उजळला. नीट चालतोय का बघावं म्हणून त्यांनी शेवटची फाईल उघडली. बायकोला लिहिलेलं पत्र होतं.

'उद्या तुझा दादा मला एकट्यालाच होडीतून नेणार म्हणतो. मला पोहता येत नाही, हे माहीत असूनही. मी परत आलो नाही, तर तो अपघात समजू नकोस.'

बाईंनी मान वर केली, तर काउंटरपलीकडे मामा उभे.

"काय, झाला का सुरू?"

"छे हो," बाई कसंबसं हसल्या. "पार गेलाय."

मामांनी त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. मग मागे वळून दुकानाचं दार आतून लावून घेतलं.



"मग तुमच्या चष्म्यात हा उजेड कसला?"