क्षेपणास्त्र उजवीकडे गेलं

क्षेपणास्त्राच्या नळीवरचा नंबर रायिसा वासिलिव्हनाने कागद न बघता म्हणून दाखवला, आणि ओरेस्तचा घास तोंडातच राहिला.

तिच्या मुलाच्या, आघाडीवर मारल्या गेलेल्या नझारच्या, वस्तू पोचवायला त्याच्या तुकडीतला ओरेस्त कीव्हला आला होता. दहा मिनिटांत निघायचं असं ठरवूनच तो सात मजले चढला होता. पण तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, समोर वरेनिकीची, उकडलेल्या करंज्यांची, बशी ठेवली आणि स्वतः कागद-पेन्सिल घेऊन टेबलाच्या पलीकडे बसली.

"हाच ना नंबर?"

"हाच."

रणगाड्यावर सोडायच्या क्षेपणास्त्राच्या शेपटीत प्रकाश टिपणारा एक भाग असतो. कारखान्यात त्याला नुसतं 'डोळा' म्हणतात. तो तपासून त्यावर शिक्का मारायचं काम ती तेवीस वर्षं करत होती. नझारला याचा फार अभिमान. दर वेळी नळी तिवईवर चढवली की तो तिच्यावर थाप मारायचा आणि समोरच्या रणगाड्याला उद्देशून म्हणायचा, आईच्या हातचं आहे, पोटभर जेव.

तिने कागदावर दोन ठिपके काढले. "ही तिवई. हा तू, पन्नास मीटर लांब, केबलच्या दुसऱ्या टोकाला. पडद्यावर तू रणगाड्यावर फुली धरतोस. जिथे फुली, तिथे लेझरचा किरण. क्षेपणास्त्राला पुढचं काही दिसत नाही, त्याचा डोळा मागे. तो किरण बघतो आणि त्याच्या मधोमध राहतो. बरोबर?"

"बरोबर."

"किरण नजरेतून सुटला, तर ते नाक खाली घालून पडतं. तुझ्या रिपोर्टात आहे, उजवीकडे गेलं. म्हणजे किरण सुटला नाही, डोळ्यानेच तो वाकडा बघितला. आणि त्या डोळ्यावर माझा शिक्का आहे."

हे ती एखाद्या सुट्या भागाबद्दल बोलावं तसं बोलली. मग तिने सांगितलं, की त्या आठवड्यात तिला ताप होता तरी तिने रजा घेतली नव्हती. तपासणी चालू असताना दोनदा वीज गेली होती. रिपोर्ट आल्यावर तिने स्वतःच साहेबांना हे कळवलं. त्या लॉटमधली बेचाळीस क्षेपणास्त्रं तेव्हापासून गोदामात अडकून आहेत. तीही चार महिने कामावर गेलेली नाही.

"मला एवढंच सांग, पोरा. हळूहळू सरकलं की एकदम वळलं?"

हळूहळू, एवढं म्हटलं असतं तरी दोष डोळ्यावरच राहिला असता. तो शब्द ओरेस्तच्या ओठांवर आलाही होता.

"डोळा चांगला होता," तो म्हणाला. "मी वळवलं."

मग मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. रणगाडा साडेतीन किलोमीटरवर होता, म्हणजे सोळा सेकंद फुली स्थिर धरायची. झाडीखाली रणगाडा उभा होता, वर माणूस नव्हता, म्हणून त्याने सोडलं. आणि मग रणगाड्याच्या झाकणातून दोघं वर आले. एकाने दुसऱ्याला समोर बसवलं, गळ्याभोवती चादर गुंडाळली आणि त्याचे केस कापायला लागला. पडद्यावर कात्रीसुद्धा दिसत होती. बसलेल्याने मानेवरचे केस झटकले आणि तो हसला. चारेक सेकंद उरले होते. ओरेस्तचा अंगठा उजवीकडे गेला. क्षेपणास्त्र शहाण्यासारखं फुलीच्या मागे गेलं आणि पलीकडच्या सूर्यफुलांच्या शेतात फुटलं. दोघं आत घुसले. नझार तिवई उचलायला धावला होता. त्यांचा पहिला गोळा चुकला, दुसरा चुकला नाही. संध्याकाळी कमांडरने विचारलं तेव्हा ओरेस्तने लिहून दिलं, यंत्राने दगा दिला.

"केस कापत होते," ती म्हणाली.

"हो."

तिच्या छातीतून एक लांब श्वास सुटला. खांदे खाली आले, चेहरा सैल पडला, चार महिन्यांचं ओझं उतरावं तसा. तिचं तिलाच ते जाणवलं असावं. तिने झटकन तोंडावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. ओरेस्तला वाटलं, आता ती आपल्याला मारेल. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिने फोन उचलला आणि साहेबांना लावला. पलीकडचा आवाज ओरेस्तलाही ऐकू येत होता.

"डोळ्यात दोष नव्हता, पाव्हलो इहोरोविच. लॉट सोडा. माणसाच्या हाताने वळवलं होतं."

"कुणाच्या? मला वर लिहून द्यावं लागेल."

तिने ओरेस्तकडे पाहिलं. तो सव्वीस वर्षांचा होता, नझारपेक्षा एका वर्षाने लहान.

"नझारच्या," ती म्हणाली. "माझ्या मुलाच्या. त्या दिवशी फुली त्याने धरली होती."

ओरेस्त अर्धवट उठला. तिने फोन बंद न करता टेबलावर, त्याच्या बशीशेजारी ठेवला आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.

"हॅलो?" पलीकडून आवाज आला. "रायिसा वासिलिव्हना? ऐकताय ना? तसंच लिहू?"

फोनपर्यंत हात सहज पुरला असता. ओरेस्त खाली बसला.